बदलीची खुर्ची

भाईंदर पश्चिम,
रविवार, ११ जानेवारी २००९

सूरज, बाळा,

आशीर्वाद आधी घे, मग पुढचं वाच. फोन असताना काका पत्र का लिहितोय, असं तुझ्या मनात येईल. फोन तुझ्या काकूचा. माझ्या कानांना त्यात आता नुसता वारा ऐकू येतो. रविवारी तुम्ही दोघं बोलता, ती हसते, आणि मी समोर बसून तिच्या ओठांवरून तुझी खुशाली वाचतो.

मिठागरांवर सध्या सकाळी पांढरे ढीग दिसतात. चौथीचा वर्ग मी तिकडे बांधावर नेऊन कविता म्हणून घ्यायचो, आठवतं? वाऱ्यात निम्मे शब्द उडून जायचे आणि तू कडव्याची शेवटची ओळ सगळ्यांच्या आधी म्हणून जीभ चावायचास. माझा पुतण्या म्हणून तुला दोन छड्या जास्त मिळायच्या. काय दिवस होते! आता त्या बांधावर इमारती येतायत.

असो. काम वेगळंच आहे.

इथे एका ट्रस्टचं डायलिसिस केंद्र आहे. मूत्रपिंडं थकलेल्या माणसांचं रक्त आठवड्यातून दोनदा यंत्रातून फिरवून स्वच्छ करतात. पाच यंत्रं, पाच खुर्च्या, ज्याचा त्याचा वार आणि वेळ ठरलेली. आमच्या इमारतीतल्या एक बाई तिथे जातात. मी सोबत जातो. निवृत्त मास्तराला तेवढाच वर्ग. तिथे तारोडीचा धर्माजी म्हणून एक कोळी येतो. त्याला मध्येच धाप लागते, मग स्वतःच्या वाराची वाट न बघता दारात येऊन बसतो. या बाई त्याला म्हणतात, "तू बस माझ्या खुर्चीवर, मी उद्या बघते." उद्या कुणीतरी आलेलं नसायचं, त्या जागी बाई बसायच्या. तिथे सगळेच असं करतात. कुणाकडे लग्न, कुणाचा मुलगा गावाहून येणार. आपसात बोलून वार बदलायचे. सुचेता सिस्टर कपाळाला हात लावायची, पण चालायचं.

दिवाळीनंतर तिथे कॉम्प्युटर आला. बाईंच्या नावापुढे तीनदा 'गैरहजर' पडलं आणि परवा त्यांची खुर्चीच गेली. त्यांच्या जागी स्वप्नाली म्हणून शांती नगरची मुलगी आली, कडेवर पोर. तिला ऊठ कसं म्हणायचं?

"सिस्टर, असं कसं काढलंत?" मी विचारलं.

"मी कुठे काढलं सर? सिस्टमने काढलं. तीन ॲबसेंट, सीट गेली. आणि आता उद्याची रिकामी खुर्चीपण नाय मिळणार. ती वेटिंगवाल्याला आपोआप जाते."

पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत तुझ्या कंपनीचं नाव होतं. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. केवढा आनंद झाला म्हणून सांगू! तुझ्या एका शब्दाने काम होईल ना रे?

उत्तर घरी पाठवू नकोस. स्टेशनसमोरच्या ईश्वरच्या स्टेशनरीच्या दुकानावर पाठव. लोकांच्या भानगडींत मी पडलेलं काकूला आवडत नाही.

तुझा,
आत्मारामकाका


बंगळूर,
१९ जानेवारी २००९

काका, साष्टांग नमस्कार.

तुमचं अक्षर लिफाफ्यावर बघूनच पाठीला छडीची आठवण झाली.

ते सॉफ्टवेअर माझंच आहे. बांधलं आम्ही पाच-सहा जणांनी, पण नकाशा माझा. चाळीसेक केंद्रं त्यावर चालतायत. सुरत, हुबळी, नाशिक, शिवाय हैदराबादचा एक मोठा हॉस्पिटल ग्रुप. प्रत्येकाला वेगळा सर्व्हर आणि वेगळी माणसं द्यायची तर तुमच्या ट्रस्टसारख्यांना कधीच परवडलं नसतं. म्हणून सर्व्हर एक, सॉफ्टवेअर एक, सगळ्यांचे पेशंट एकाच तक्त्यात. फक्त प्रत्येक ओळीवर ती कोणत्या केंद्राची ते लिहिलेलं. तुमच्या सोसायटीत कसं, टाकी एक पण प्रत्येकाचा पाइप वेगळा. आणि कोणी गुपचूप पाइपला मोटर लावून सगळ्यांचं पाणी ओढतो, तसं इथे कुणाला करता येऊ नये याची तजवीज करण्यात माझं गेलं वर्ष गेलं. भिंती इतक्या पक्क्या आहेत की सुरतला भाईंदर दिसत नाही. मलाही नावं दिसत नाहीत. मला दिसतं, 'केंद्र २३, रुग्ण ४०८'. हे मी भांडून करून घेतलं.

तीन गैरहजेऱ्यांचा नियमही माझाच. दोन महिन्यांत तीन झाल्या की जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. काका, खुर्च्या रिकाम्या राहत होत्या आणि यादीतली माणसं वाट बघत मरत होती. मीटिंगमध्ये मी टेबलावर हात आपटून म्हटलं होतं, नियम एकच, कुणासाठी वेगळं बटण नाही. एकाला सवलत दिली की चाळीस जण मागणार, मग चाळीस सॉफ्टवेअरं होणार आणि सांभाळायला माणूस एक.

त्या बाई म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या विमलाबाईच ना? त्यांना सांगा, खुर्ची दुसऱ्याला देण्याआधी स्वतःचं बघायचं. कठोर वाटेल, पण चाळीस ठिकाणी चालायची ती गोष्ट कुणाच्या दयाळूपणावर उभी करता येत नाही. यादीत त्यांचं नाव पुन्हा घालायला सांगा.

काकूचा आवाज काल बसलेला वाटला. सर्दी का?

तुमचा,
सूरज


भाईंदर पश्चिम,
२५ जानेवारी २००९

सूरज,

विमलाबाई ठणठणीत आहेत. काल त्यांनी केबलवाल्याशी जिन्यात अर्धा तास भांडण केलं, ते मलासुद्धा ऐकू आलं.

त्या बाई म्हणजे तुझी काकू.

दीड वर्ष झालं. तू बंगळूरला गेलास त्याच पावसाळ्यात तिचे पाय सुजायला लागले. आम्ही म्हटलं, उभं राहून पोळ्या लाटते म्हणून असेल. मग डॉक्टरांनी सांगितलं. मला म्हणाली, "सूरजला कळलं तर तो सामान बांधून येईल. मंदीत लोकांना घरी पाठवतायत, तो आपणहून जाईल. तुम्ही त्याला एक अक्षर लिहिलंत तर मी त्या खुर्चीवर बसणार नाही, सांगून ठेवते." तिचा स्वभाव तुला माहीत आहे. म्हणून ईश्वरचा पत्ता. म्हणून 'इमारतीतल्या बाई'.

मूत्रपिंड देण्याचं मनात आणू नकोस. तिच्या हृदयामुळे तो रस्ता बंद आहे, दोन डॉक्टरांनी सांगितलं.

खुर्ची गेल्यापासून हाल आहेत. मीरा रोडला एका खाजगी दवाखान्यात जमेल तेव्हा नेतो, पण तिथे आज हो म्हणतात, उद्या नाही. परवा शुक्रवारी आम्ही ट्रस्टच्या दारात नुसते जाऊन बसलो होतो. आत धर्माजीची पाळी. त्याने तिच्याकडे बघितलं आणि खुर्चीवरून उठलाच. "बस गो बाय. मना आज काय व्हत न्हाय. तू कितींदा दिलीस, मी मोजलं न्हाय, तू पन मोजू नको." ती बसली. त्याच्या नावापुढे एक 'गैरहजर' पडलं.

त्याच्याही तीन झाल्या की त्याची खुर्ची जाणार. म्हणजे ती आता दुसऱ्याच्या गळ्यातली दोरी धरून लोंबकळतेय, आणि दोरी तुझी आहे.

तू लिहिलंस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. खुर्ची दुसऱ्याला देण्याआधी स्वतःचं बघायचं. मी तुला असं कधी शिकवलं होतं का रे? शिकवलं असेल तर कुठल्या कवितेत?

रागावून लिहितोय असं समजू नकोस. माझं मन ठिकाणावर नाही. काहीतरी कर.

काका


बंगळूर,
३१ जानेवारी

काका,

पत्र कॅन्टीनमध्ये उघडलं. उघडायला नको होतं.

मागच्या आठवड्यात मी साहेबांना एक आलेख दाखवला होता. नियमामुळे किती खुर्च्या मोकळ्या होऊन गरजूंना मिळाल्या त्याचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या आलेखात काकूची खुर्ची होती.

तुमचं पत्र वाचून सरळ साहेबांकडे गेलो. एखाद्या केंद्राच्या आत शिरून नोंद बदलायची तर दोन किल्ल्या लागतात, एक माझी, एक त्यांची. हेही मीच घालून ठेवलंय.

"कारण काय लिहू?" ते म्हणाले.

"माझी काकू आहे."

ते मागे रेलले. "सूरज, तू माझ्या जागी असतास तर?"

"दिली नसती."

"मग?"

आणि समजा दिली असती, तरी काकूला बसवायला त्या स्वप्नालीला उठवावं लागलं असतं. मी तेही केलं असतं, काका. तिच्या कडेवर पोर आहे हे तुम्ही लिहिलं नसतंत तर बरं झालं असतं.

एकच मार्ग उरतो. नियमच बदलायचा. आत्ता तो सॉफ्टवेअरच्या पोटात, सगळ्यांना सारखा शिवलाय. तो उसवून बाहेर काढतोय. प्रत्येक केंद्राला स्वतःच्या सेटिंगमध्ये ठरवता येईल: आमच्याकडे पेशंट आपसात पाळी बदलतात की नाही. 'हो' म्हटलं तर खुर्चीच्या मालकाच्या नावापुढे 'गैरहजर' पडणार नाही, 'बदली' पडेल, आणि बसलेल्या माणसाचं नाव. ज्या गोष्टीला मी बटण नाही म्हटलं होतं, तिचंच बटण बनवतोय. साहेब म्हणाले, हैदराबादवाल्यांच्या कामाला धक्का न लावता करायचं असेल तर कर. टीममधले बरेचसे डिसेंबरातच घरी गेले. मी आणि एक ज्युनिअर आहोत.

घाईत सोडताही येत नाही. आतमध्ये एक टाका चुकला तर चाळीस केंद्रांच्या याद्या बिघडतील. तिथेही कुणाची तरी काकू असेलच की.

धर्माजींना अजून देऊ नका म्हणावं, असं लिहायला हात उचलला आणि थांबलो. त्यांनी दिलं नाही तर काकूचं काय?

फोनवर तिच्याशी काय बोलू सांगा. काल रविवार नसताना फोन लावला, तर म्हणाली, "काही नाही रे, मजेत, वजन वाढलंय थोडं." मला आता कळतंय कसलं वजन ते.

सूरज


भाईंदर पश्चिम,
९ फेब्रुवारी

बाळा,

फोनवर तू नेहमीसारखाच बोल. तुझा आवाज बदलला तर ती ओळखेल.

धर्माजीची दुसरी खूण शुक्रवारी पडली. मंगळवार आणि शुक्रवार हे त्याचे वार. मंगळवारी तो बसतो, एकाआड एक शुक्रवारी द्यायला उठतो. मागच्या शुक्रवारी त्याचाच चेहरा काळवंडलेला होता, तरी उठला. काकू म्हणाली, "नको, आज मी नाही बसणार." तो म्हणाला, "मंग मी पन न्हाय बसत. बघू रिकामी खुर्ची कोन धुतंय." सिस्टर ओरडली, "अरे दोघांतलं कुणीतरी बसा रे बाबांनो, मशीन चालू आहे!" शेवटी ती बसली. तो बाहेर बाकावर भिंतीला डोकं टेकून चार तास बसून राहिला. घरी का नाही गेला म्हणून विचारलं, तर म्हणे, "इथं बसला तरी बरा वाटतं, मशीनचा आवाज येतो."

मी तिथे काय करतो सांगू? कविता म्हणतो. आपल्या जुन्या क्रमिक पुस्तकांतल्या. पहिल्यांदा तिच्या कानाशी हळू म्हणायचो. मग पलीकडच्या खुर्चीवरचा राघो म्हणाला, "मास्तर, मोठ्याने! आम्हाला पण होती ती." आता पाची खुर्च्यांवरून एकेक कडवं येतं. कुणाला पहिलं येतं, कुणाला तिसरंच. राघो नेमका मधलं विसरतो आणि तिथे डबल मोठ्याने "ला ला" करतो. काकू हसते. मला वाटतं, आपण बांधावर उभे आहोत, वारा आहे, सगळी पोरं समोर आहेत. मग यंत्राची शिट्टी वाजते आणि मला तिचे सुजलेले पाय दिसतात.

घरी पाणी मोजून पिते. जिभेवर बर्फाचा खडा ठेवते आणि डोळे मिटून बसते. मीठ बंद. काल खिडकीतून मिठागराकडे बघत म्हणाली, "अहो, एवढं समोर पडलंय आणि मला चिमूटभर चालत नाही. देवाला विनोद कळतो बाई." मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडलो. स्वतःचं रडणं मला ऐकू येत नाही, त्यामुळे किती मोठ्याने रडलो कोण जाणे. बाहेर आलो तर तिने टॉवेल पुढे केला.

तिसरी खूण २० तारखेच्या शुक्रवारी पडेल. त्याच्या आत नाही झालं तर काकू त्या दिवशी बसणार नाही असं म्हणते, आणि या वेळी धर्माजीचंही ऐकणार नाही. दोन पाळ्यांमधलं तेवढं अंतर तिला आता झेपणार नाही. काल रात्रभर उशीला टेकून बसून होती. आडवं झालं की श्वास कोंडतो.

मी तुझ्यावर ओझं टाकतोय. दुसऱ्या कुणावर टाकू?

काका


बंगळूर,
१३ फेब्रुवारी

काका,

परवा तयार झालं असं वाटलं. चाचणीसाठी भाईंदरची नक्कल करून बटण चालू केलं, आणि सुरतच्या नकलेतही ते चालू झालं. दोन दिवस सापडेना. वेग यावा म्हणून सॉफ्टवेअर प्रत्येक केंद्राची सेटिंग थोडा वेळ लक्षात ठेवतं. त्या लक्षात ठेवलेल्या गोष्टीवर 'कोणत्या केंद्राची' हे लिहायचं माझ्याकडून राहिलं होतं. म्हणजे भिंतीत मीच भोक ठेवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं. डोळ्यांपुढे सारखं ती उशीला टेकून बसलेली दिसते.

आता बुजवलं. पुन्हा सगळं तपासतोय. साहेबांना सांगितलं, बुधवारी १८ला सोडतो. ते म्हणाले, बिघडलं तर? म्हटलं, माझा राजीनामा लिहून ठेवलाय, तारीख तुम्ही घाला. त्यांनी चहा मागवला.

सोडल्यावरही बटण मी दाबू शकत नाही. ते केंद्राने स्वतः दाबायचं. सुचेता सिस्टरना सांगून ठेवा: सेटिंगमध्ये 'पाळीची अदलाबदल' असं येईल, तिथे 'हो'. मी केंद्राला फोनही करेन, कंपनीचा माणूस म्हणून. काकूचं नाव घेणार नाही.

शुक्रवारी तिला बसवा. उचलून बसवा.

सूरज


भाईंदर पश्चिम,
३ मार्च

सूरज,

चांगलं आधी सांगतो. २० तारखेला सिस्टरने सगळ्यांना बोलावून पडदा दाखवला. धर्माजीचं नाव, पुढे 'बदली', आणि तिथे हंसा आत्माराम. गैरहजर नाही. राघोने खुर्चीवरूनच टाळ्या वाजवल्या, तर सुई हलली म्हणून उत्तमने, तो तिथला टेक्निशियन, त्याला झापलं. मला रस्त्यात कुणाला तरी धरून सांगावंसं वाटत होतं, माझ्या पुतण्याने केलं हे.

आता दुसरं.

खूण पडत नाही म्हटल्यावर धर्माजीला धरबंद राहिला नाही. २४ तारखेच्या मंगळवारी काकूला फार धाप होती. तो म्हणाला, "आता कंपूटर पन काय बोलत न्हाय. बस." ती बसली. मीच तिला म्हटलं, बस. त्याने त्याआधीच्या शुक्रवारीही दिलेली होती, म्हणजे लागोपाठ दोन. गुरुवारी तो तारोडीला घरीच गेला. सकाळी अंगणात जाळ्याजवळ बसला होता, तसाच कलंडला.

त्याच्या मुलाने येऊन सिस्टरला सांगितलं. तेव्हा तिथे मी होतो आणि ती होती, तिसरं कुणी नव्हतं. सिस्टरने पडदा उघडला. तिथे लिहायचं असतं, रुग्ण मृत. ते लिहिलं की त्याची खुर्ची आपोआप यादीतल्या पहिल्या माणसाला जाते. काकूचं नाव यादीत अकरावं आहे. सिस्टरचा हात तसाच राहिला. म्हणाली, "सर, आज मला काम खूप आहे. उद्या बघते."

तो उद्या अजून आलेला नाही. गेल्या शुक्रवारी आणि आज मंगळवारी काकू त्याच्या खुर्चीवर बसली. पडद्यावर: धर्माजी, बदली हंसा. कॉम्प्युटरला वाटतंय तो कधीतरी परत येईल. काकूला आम्ही सांगितलंय की तो मुलाकडे गेलाय, बरा आहे. तिने दोनदा विचारलं.

बाळा, मी आयुष्यभर मुलांना खोटं बोलू नये म्हणून शिकवलं. आता तुला विचारतो, हे असंच राहू शकतं का? तुमच्याकडे कुणाच्या लक्षात येईल का? यादीतलं पहिलं माणूस कोण, ते मी सिस्टरला विचारलेलं नाही. मला कळायला नको आहे.

काका


बंगळूर,
८ मार्च

काका,

लक्षात येणार नाही. किती वेळा बदली चालेल याला मी मर्यादा घातलेली नाही. घाईत सुचलंच नव्हतं. एका खुर्चीवर वर्षभर 'बदली' लागली तरी सॉफ्टवेअर काही बोलणार नाही.

धर्माजींचं वाचल्यापासून हे बटण मी बनवलं नसतं तर, एवढंच डोक्यात आहे. खूण पडत असती तर ते थांबले असते. काकूही बसली नसती. मग आज ती नसती. मी दोन्हीकडून विचार करतो आणि दोन्हीकडे एक माणूस मेलेला असतो.

राहू द्या. सिस्टरना सांगा, नोंद करू नका. यादीतलं ते पहिलं माणूस मला दिसत नाही, मी भिंत बांधलीय ना. आज त्या भिंतीच्या आडोशाला बसतोय. चाळीस केंद्रांना सारखा न्याय म्हणणारा मीच. पण त्या चाळीसमध्ये मला वाढवणारी बाई एकच आहे.

पत्र फाडून टाका.

सूरज


भाईंदर, केंद्रातून,
मंगळवार, २४ मार्च

मेल्या सूरज्या,

काकांचं अक्षर नाही म्हणून घाबरू नकोस, मी जिवंत आहे. डाव्या हातात सुया आहेत, उजव्याने लिहितेय, वही मांडीवरून घसरतेय. वाचून घे.

ईश्वरकडे पेनाची कांडी घ्यायला गेले. तो म्हणाला, "वहिनी, मास्तरांचं पाकीट आलंय. मला ही लपवाछपवी आता झेपत नाही, तुम्हीच न्या." नेलं. वाचलं. मग तुझ्या काकांच्या कपाटातून बाकीची पण काढून वाचली. दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं.

तुम्ही दोघे मिळून मेलेल्या माणसाला खुर्चीवर बसवून ठेवणार होतात? आणि त्याच्या मांडीवर मला?

मी तारोडीला जाऊन आले. रिक्षाने, थांबत थांबत. त्याच्या बायकोसमोर जाऊन बसले. ती माझा हात धरून म्हणाली, "तू तरी ऱ्हा गो बाय." तिथून थेट सिस्टरकडे आले आणि म्हटलं, लिही. ती रडायला लागली. म्हटलं, रड, पण लिही. लिहिलं. खुर्ची आशा नावाच्या बाईला गेली. आठ महिने यादीत होती. पाय इतके सुजलेले की नवऱ्याच्या चपला घालून आली. तिला यातलं काही माहीत नाही, सांगायचं नाही.

मी फार मोठी आहे असं समजू नकोस. लिहिल्यानंतरच्या शुक्रवारी मला श्वास लागला तेव्हा मी सिस्टरला म्हणणार होते की खोडता येतं का बघ. खोडता येत नाही म्हणे. तेही तूच केलेलं असणार.

मग राघो म्हणाला, "काकी, माझा मंगळवार घ्या." आता सगळे एकेक पाळी देतात. स्वप्नालीने पण दिली. मी तिला दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा बसले. जीव घुसमटला की मोठेपणा राहत नाही. आज बसलेय ती राघोच्या खुर्चीवर. तो बाहेर बाकावर बसून ला ला करतोय.

एक काम कर. तुझ्या त्या बटणात एवढं घाल की एका माणसाला महिन्यातून एकदाच पाळी देता येईल. चाळीसच्या चाळीस ठिकाणी घाल, तुझ्या साहेबाला सांग मी म्हटलंय. घेणारा थांबत नाही, देणारा पण थांबत नाही. धर्माजीला मी थांबवायला हवं होतं, पण मला बसायचं होतं.

हे घातलंस की माझ्या पाळ्या कमी होतील, ते कळतं मला. तरी घाल.

काका समोर बसलेत. कविता म्हणताहेत आणि मध्येच थांबून माझ्याकडे बघताहेत, मी काय लिहितेय ते. त्यांना एकट्याने हे झेपत नाही रे. हल्ली जिना चढताना मी त्यांना धरते की ते मला, ते कळत नाही.

शुक्रवारचं अजून कुणी बोललेलं नाही. फोन केलास तर मी मजेत आहे असंच सांगेन, सवय झालीय. म्हणून फोन करू नकोस. ये.

काकू